राणीच्या आधीची चिठ्ठी

वाडीवर कामाला असलेल्या भिकीला सकाळपासून चिकू साठवायच्या खोलीत कोंडलं होतं. चारला पोलीस येणार होते. काशीनाथमास्तरांच्या डब्यातली एक चिठ्ठी गेली आणि त्यांची खोली झाडायला फक्त भिकी गेली होती, एवढाच पुरावा.

झरी गावची खाजगी गुप्तहेर योगिता वरठा डहाणूच्या त्या वाडीत पोचली तेव्हा तीन वाजले होते. सोबत मावसभाऊ मिथुन. त्याचं डोकं त्याच्या रिक्षासारखं, धक्का दिला की चालू होणारं.

"केरात टाकलीस का?" योगिताने खिडकीच्या गजांतून विचारलं.

"नाय गं बाय. झाडू मारला न् चिकू तोडाया गेली." भिकीने गज घट्ट धरले होते. "माझी पोरां घरी वाट बघत असतील."

काशीनाथ चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसले होते. "वीस वर्षं एका शब्दामागे आहे. मार्मालेड. पोर्तुगीजांची ती बिहीची, म्हणजे सफरचंदासारख्या एका आंबट फळाची वडी, इंग्रजांचा संत्र्याचा मुरंबा, जर्मनांचा कुठल्याही फळाचा. मूळ शब्द ग्रीक, अर्थ मधासारखं सफरचंद. मिळेल त्या कागदावर टिपलं. सगळ्यात जुनी नोंद वर, अशी वयाने लावलेली."

मिथुनने डबा उघडला. वर कॅलेंडरची मोठी पानं, तळाला तिकिटाएवढे चिटोरे.

"हे असं नव्हतं," काशीनाथ पुटपुटले. "आणि इंग्रजीतल्या पहिल्या नोंदीची चिठ्ठीच नाही."

त्यांची बायको नर्मदाकाकू फणकारल्या. "हे कागद जाळायचे असते तर वीस वर्षांपूर्वीच जाळले असते. मी खळ्यावर जात नाही, कागदांना शिवत नाही."

काशीनाथांचा पुतण्या धनेश मागच्या अंगणात, खळ्यावर, चिकूच्या पेट्या भरत होता. मिथुनने वरचा टपोरा चिकू उचलला. "खाली सगळे बारीक आहेत की."

"गिऱ्हाईक वरचंच बघतं," धनेश हसला. "म्हणून पेट्या मी दुसऱ्या कुणाला भरू देत नाही."

शेजारी त्याच्या चिकू मार्मालेडच्या बाटल्या होत्या. लेबलवर छापलं होतं: हा मुरंबा एका आजारी राणीसाठी बनला, तिच्यावरूनच 'मार्मालेड' नाव पडलं.

योगिताने सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"डबा चोराच्या हातून सांडला. घाईत परत भरताना हात सवयीने चालला, मोठे वर, बारीक तळाला. भिकी फळं तोडते, काकू खळ्यावर येत नाहीत. पेट्या एकटा धनेश भरतो."

"मला चिठ्ठी कशाला हवी?"

"काका, मार्मालेड हा शब्द आधीचा की लेबलवरची राणी?"

"शब्द. राणी जन्मायच्या कितीतरी आधीचा, गेलेल्या चिठ्ठीवर तेच साल होतं. लेबल खोटं आहे, हे मी याला बजावलं होतं."

धनेशने मान खाली घालून खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली. "तुम्ही हे छापणार होतात. माझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला असता."

काशीनाथ उठले. त्यांनी स्वतः कडी काढली.

भिकी बाहेर आली. "बारा वरसा तुमची खोली झाडली, मास्तर. कडी पन तुमीच लावली."

ती वाडीबाहेर पडली, ती परत कामाला आली नाही.