संकेतलस

इचलकरंजीच्या लसकेंद्रातलं शीतयंत्र सकाळपासून कण्हत होतं आणि ते दुरुस्त करणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच उरलं होतं, प्रणाली चौगुले. गंमत अशी, की त्याच केंद्रात आज तिच्या मुलीला, ओवीला, संकेतलस टोचायची होती.

संकेतलस म्हणजे तीन आठवड्यांत मेंदूत कोडिंग रुजवणारी लस. पहिल्यांदा ज्यांनी घेतली त्यांनी दोन वर्षांत बंगले बांधले. मग सरकारने ती फुकट केली, शाळांनी रांगा लावल्या आणि व्हायचं तेच झालं. आता एकेका कामावर चारशे जण तुटून पडतात आणि जो सगळ्यात कमी मागेल त्याला ते मिळतं. एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला आधी सुचली नाही, याचा संताप येतो.

प्रणालीने स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली. मग तो ओवीकडे दिला.

"मागचं बेअरिंग गेलंय," ओवी लगेच म्हणाली.

लस टोचणाऱ्या डॉ. बागवान बघतच राहिल्या. "हे मात्र जाईल हं," त्या हळूच म्हणाल्या. "मेंदूत जागा मोजकीच असते. लस कोडिंग पेरते ते हाताकानाच्या कसबाच्या जागेत. बहुतेकांकडे तिथं काही नसतंच, म्हणून कुणाची तक्रार येत नाही."

"ऐकलंस? घेऊ नको," प्रणाली म्हणाली. "माझ्या हाताखाली ये."

"यंत्र बंद पडल्याशिवाय तुला तरी आत घेतात का गं, आई? लस घेतली तर पगार कमी मिळंल. न्हाई घेतली तर अर्जच घेत न्हाईत."

प्रणाली यंत्राकडे वळली. यंत्र तसंच सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळी लस नासली असती. तिच्या मनात ते आलंही. पण पोरीच्या तोंडाकडे बघून तिने बेअरिंग बदललं.

लस टोचल्यावर तीन आठवड्यांनी दोघी तपासणीला आल्या, तेव्हा यंत्र पुन्हा कुरकुरत होतं. प्रणालीने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. ओवीने मूठ कानाला लावून डोळे मिटले.

"काय म्हणतंय?"

"नुसतं घूं घूं करतंय, आई."

मग ती घाईघाईने म्हणाली, "तुला काय ऐकू येतं ते सांग की. यंत्राचा बिघाड आवाजावरनं ओळखणारा कोड लिहायचा, असं एक काम निघालंय. त्यावर चारशे जण हायत. पण ऐकणारं माणूस फक्त माझ्याकडंच हाय. सांग, मी लिहून घेते."

प्रणालीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. काय बिघडलंय ते तिला लख्ख कळलं. ते कसं कळलं, हे सांगायला मात्र तिला एक शब्द सापडेना.