सहाव्या रिळाचं वजन

सूनबाई, विश्वास कोणावर ठेवायचा? स्वतःच्या डोळ्यांवर, समोरच्याच्या शब्दावर, की काट्यावर? तू शिकलेली, तू म्हणशील डोळ्यांवर. मी चौथीतून पळालेला माणूस, जन्मभर काट्यावर ठेवला. बस जरा. दिवा वाढवू नकोस, एवढा उजेड पुरे.

आपला धंदा तेव्हा सिनेमाच्या भंगाराचा. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदी असते. चालेनाशा झालेल्या प्रती मी किलोवर घ्यायचो आणि टबात गरम सोड्याच्या पाण्यात धुवायचो. चित्रं विरघळून तळाशी काळा गाळ बसे, तो आटवला की चांदी. फिल्म उरे ती काचेसारखी कोरी. पण मला एक खोड होती. धुण्याआधी सिनेमा गोदामाच्या भिंतीवर लावून बघायचा. "भंगारवाल्याच्या घरी थेटर!" असं तुझ्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि पहिल्या खुर्चीत त्याच. शाळेनं शिकवलं नाही ते त्या भिंतीनं शिकवलं. गिऱ्हाईक खोटं बोलण्याआधी क्षणभर फार प्रेमळ होतं, हे मी एका मूकपटातल्या सावकाराकडून शिकलो. थोर सिनेमा ओळखायची माझी खूण एकच. भिंतीवरचा माणूस दचकून मागे बघतो, तेव्हा आपणही बघतो.

एकदा नऊ डब्यांचा माल आला. आधी एक रीळ नमुना म्हणून धुवायचं हा माझा नियम, आणि नमुना नेहमी मधला. विकणारा चांगला माल वर रचतो ना! माझी हुशारी! मी सहावा डबा काढला. अठरा ग्रॅम चांदी निघाली. गोळी पुडीत बांधली, कोरं रीळ परत त्याच डब्यात ठेवलं. संध्याकाळी पहिलं रीळ लावलं.

एका घड्याळजीची आंधळी बहीण. दुकानात शंभर घड्याळं, आणि कुठलं मागे पडलंय ते ती नुसत्या टिकटिकीवरून सांगते. असा सिनेमा मी तोवर पाहिला नव्हता. पाचव्या रिळाच्या शेवटी दारावर थाप पडते आणि सगळी घड्याळं एकदम थांबतात. ती कडीवर हात ठेवते... मी अंधारात पुढच्या डब्याकडे हात नेला, आणि हात तिथेच राहिला.

"लावा की!" तुझ्या सासूबाई म्हणाल्या.

"धुतलं मी ते."

त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

उरलेली रिळं मी धुतली नाहीत. महिन्याभरात एक बाई दारात आल्या, ऐंशीच्या पुढच्या. तो सिनेमा त्यांनी संकलित केला होता; हातात कात्री घेऊन, तुकड्याला तुकडा जोडून. दुसरी प्रत कुठेच उरली नव्हती.

"किती डबे आहेत?"

"नऊ," मी म्हणालो. एक अक्षर खोटं नाही, आणि खरंही नाही. बाई माझा हात धरून रडल्या. मग पुढचं कुठल्या तोंडानं सांगणार?

बाईंनी तिघांची समिती बोलावली. सिनेमा अखंड असेल तर जपायच्या यादीत जाणार, तुकडे असतील तर नाही. म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं काम माझ्या टबात बुडणार. दुपारी तीनची वेळ, एका बंद पडलेल्या थेटरात. ऑपरेटरला सगळे काजव्या म्हणायचे. उजेडात त्याला कोणी पाहिलंच नव्हतं.

मी त्याला हळूच म्हणालो, "सहावं कोरं आहे. पाचवं संपलं की मशीन बिघडलं म्हणून सांग."

"शेठ, माझं मशीन आजवर बिघडलेलं नाही," तो फणकारला, आणि दार लावून घेतलं.

पाचवं संपलं. कडीवर हात. पडदा पांढराफटक झाला. समितीतला एक जण खाकरला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आणि मग वास आला. गरम सोड्याचा, माझ्या टबाचा. कुठेतरी पाणी हिंदकळल्यासारखा आवाज झाला. पांढऱ्या पडद्यावर खालून काळं चढू लागलं, गाळ बसतो तसं, पण उलटं. आधी कडी दिसली. मग बोटं. मग ती.

दार उघडलं. बाहेर एक माणूस, बाह्या दुमडलेल्या, चेहरा अंधारात. तिनं त्याचे हात चाचपले.

"ओले आहेत," ती म्हणाली.

आणि शंभर घड्याळं एकदम सुरू झाली! शेजारी बाई ओठातल्या ओठात कात्रीची ठिकाणं मोजत होत्या. एकाहत्तर. एकही चुकलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या. सूनबाई, आम्ही जेमतेम सहा माणसं, पण टाळ्या भरल्या थेटराच्या होत्या! समितीनं तिथल्या तिथे 'अखंड' असा शेरा लिहिला.

खेळ संपल्यावर बाई वर काजव्याच्या मशीनच्या खोलीत गेल्या. सहावं रीळ उलगडून खिडकीशी धरलं. आरपार आकाश.

"तुम्ही हे... धुतलंत?"

"हो बाई."

त्यांनी रीळ पुन्हा एकदा उजेडात फिरवून पाहिलं. मग लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. "पाण्यालाही पुरून उरला हो माझा सिनेमा! दाखवत राहा. फक्त दाखवत राहा."

तेव्हापासून वर्षातून एक खेळ. प्रत आपल्याकडेच असते. पहिल्याच खेळानंतर मी सवयीनं रीळ काट्यावर ठेवलं. दोन ग्रॅम जास्त. पुडीतली गोळी सोनाराच्या काट्यावर घातली. दोन ग्रॅम कमी. दरवर्षी तेवढंच, मी वहीत लिहीत गेलो. नवव्या वर्षी पुडीत नुसता कागद उरला. म्हटलं, फिटलं. माझ्या हातून गेलं ते परत पोचलं. त्या दिवशी मी राजासारखा चालत घरी आलो.

परवा दहावा खेळ झाला. थेटर तुडुंब, बाहेर रांग, तू पाहिलंसच. रीळ पुन्हा दोन ग्रॅमनं वाढलंय. घरातले चांदीचे चमचे, फुलदाणी, सगळं तोलून पाहिलं, जिथल्या तिथे आहे. मग मी स्वतः काट्यावर उभा राहिलो. किती कमी भरलो ते विचारू नकोस. आणि दाराबाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा अंधार दरवर्षी थोडा ओसरतोय. यंदा हनुवटी दिसली, ओळखीची.

घाबरतेस कशाला? मला विचारशील तर एवढा मोठा सौदा मी आयुष्यात केला नाही. पण पुढच्या खेळाला मी नसलो, तर ही वजनांची वही तुझी. काटा दाखवेल तेच लिही. एक ग्रॅम इकडचा तिकडे करू नकोस. आणि दार उघडल्यावर बाहेर कोण उभं होतं, तेही लिही. माझी भीड न धरता, प्रामाणिकपणे.