समोरचा कॅमेरा

"मी नाही येणार!" मुलीने पर्स पलंगावर भिरकावली. आईचा आज टीव्हीवरचा शेवटचा कार्यक्रम होता... पण लहानपणी ज्या वर्षी तापात आपले कान गेले, त्याच वर्षी ही बाई रेडिओ सोडून पडद्यावर झळकायला गेली आणि आपण रोज संध्याकाळी मावशीच्या मांडीवर बसून काचेतली आई बघत राहिलो, हे शल्य तिच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

मावशीने ओठ दिसावेत म्हणून तिची हनुवटी वळवली. "रुसवा उद्या काढ. आज मुकाट्याने चल, नाहीतर कान धरून नेईन."

"धर की! नाहीतरी ते शोभेलाच आहेत."

दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसताच त्या निघाल्या.

स्टुडिओत आई दिव्यांखाली बसली होती. नवा दिग्दर्शक म्हणाला, "बाई, आज बाजूने घेऊ या. छान दिसाल."

"समोरूनच घ्या."

"अहो, पण का?"

आई नुसती हसली. म्हातारा कॅमेरामन मात्र मुलीकडे वळला. "तुझ्या आईने शपथ घातली होती, पण आज सांगतोच. अगं, बाजूने ओठ वाचता येत नाहीत ना! हातातला कागद तोंडापुढे येतो, म्हणून ही सगळं पाठ करायची. मान वळवायची नाही, घाई करायची नाही. रेडिओवर असताना हिच्या आवाजावर लोक जीव टाकायचे, आणि इथे साहेब हिला 'ठोकळा' म्हणून हिणवायचे!"

मुलगी जागच्या जागी थिजली. इतर निवेदकांचे शब्द निसटायचे. आईचा एकही नाही... आणि आजवर मुलगी ते आपल्याच नजरेचं कसब समजत होती! केवढं हे! घराघरांत दिसणारा तो चेहरा सारा जन्म एकाच लेकराकडे वळलेला होता.

कार्यक्रम संपला, डोक्यावरचे प्रखर दिवे मालवले. ती आईपुढे गुडघ्यांवर बसली. "आई... एवढा आवाज तुझा... का गं सोडलास रेडिओ?"

आईने तिचे डोळे पुसले, आणि नेहमीसारखं सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "रेडिओवर मी तुला दिसले नसते, बाळा."

मुलीने तळवा आईच्या गळ्यावर ठेवला. "बोल ना, आई. काहीही बोल."

आई बोलू लागली... आणि त्या तळव्याखाली काहीतरी ऊबदार, अथांग असं थरारत राहिलं.