दोघींचंही काही म्हणणं नाही

आत्याला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा तिची खोली रिकामी झाली, आणि तिच्या पलंगाच्या जागी मी माझं टेबल मांडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणी फार चांगलं मत करून घ्यायला नको.

त्याच टेबलावरून मी त्या वृद्धाश्रमाचं काम करते. तिथल्या मावशी रोज प्रत्येकाची नोंद भरतात: खाणं, औषध, झोप आणि शेवटी 'म्हणणं', म्हणजे तो माणूस दिवसभरात जे काही बोलला ते. नोंद एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यात साठते. संध्याकाळी माझी क्वेरी, म्हणजे नोंदी शोधून आणणारी आज्ञा, ती उचलते, तिथल्या तिथे स्टाइलशीटमधून काढते, आणि नातेवाइकांच्या फोनवर नीटनेटकं पान जातं. स्टाइलशीट म्हणजे नुसते नियम, हे आलं तर असं छाप, ते आलं तर तसं. मूळ नोंदीला ती हात लावत नाही. पान वेगळं, नोंद वेगळी. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला.

नातेवाइकांची कुरकुर होती ती 'म्हणण्या'बद्दल. रोज उठून काय वाचायचं, मला घरी न्या, मला घरी न्या? आमच्या आत्याचंही तेच. "चिमणे, मला घरी कधी नेतेस?" तिचं पान मला यायचं आणि परदेशातल्या दादालाही. दादा फोनवर म्हणाला, "अगं, घास उतरत नाही घशाखाली. बघ ना काहीतरी."

वृद्धाश्रमाच्या साहेबांनीही तेच सांगितलं होतं. निमित्तं सगळी खरी. पण तो नियम लिहिताना सुटल्यासारखं वाटलं, ते मात्र माझं एकटीचं. 'म्हणणं' आलं की आत काय आहे ते बघायचंच नाही, सरळ छापायचं: दिवस छान गेला. काही म्हणणं नाही. बस, चार ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी दादाचा निरोप आला, "वा, छान. आता जेवायला बसतो."

काही आठवड्यांनी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची आई तिथेच वारली होती.

"ती शेवटी शेवटी काय म्हणायची, ते मिळेल का हो?"

"मिळेल की. मूळ नोंदीत सगळं असतं," मी ऐटीत म्हटलं.

स्टाइलशीट बाजूला ठेवून नुसती क्वेरी चालवली. खाणं होतं, औषध होतं, झोप होती. 'म्हणणं'समोर होतं: दिवस छान गेला. काही म्हणणं नाही.

मला वाटलं, चुकून पानच उघडलं. पुन्हा चालवली. मग मागच्या वर्षीच्या नोंदी काढल्या, नियम लिहायच्या कितीतरी आधीच्या. तेच. आत्याच्या काढल्या. तेच. नोंदींची एक जुनी प्रत हार्ड डिस्कवर कपाटात ठेवलेली होती, कशालाच न जोडलेली. ती उघडली तर तिथेही तेच. त्या गृहस्थांना मी अजून फोन केलेला नाही.

नियम पुसून टाकला. संध्याकाळी पान तसंच आलं. शेवटी वृद्धाश्रमात फोन लावला.

"मावशी, 'म्हणणं'मध्ये सगळ्यांचं एकच वाक्य का लिहिता?"

"बोलले तर लिहू ना, ताई." मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा येऊनच जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. आत्याला तिथे सोडल्यानंतर पहिल्यांदाच. जेवणाच्या खोलीत ऊन पसरलं होतं. चमचे वाजत होते, पंखा किरकिरत होता, कुणाची तरी खुर्ची सरकली. आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. एक आजोबा शेजाऱ्याला तावातावाने काहीतरी सांगत होते आणि शेजारी मान डोलावत होता. आवाज नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, घसे ठणठणीत आहेत सगळ्यांचे," मावशी हळूच म्हणाल्या.

आत्या खिडकीशी बसली होती. मला बघून धडपडत उठली. तिचे ओठ हलले. काय म्हणतेय ते मला कळलं. तेच वाक्य मी वर्षभर वाचत होते.

आई गेली तेव्हा मी बोलणंच टाकलं होतं. या बाईने मला मांडीवर घेऊन एकेक शब्द पुन्हा बोलायला लावला होता. आणि मी तिचं तोंड चार ओळींत बंद केलं. मला स्वतःची किळस आली. टेबल आजच हलवायचं, पलंग पुन्हा मांडायचा, ठरलं. तिचे हात धरून मी म्हटलं, "आत्या, चल. घरी जाऊ."

मावशींनी वळून पाहिलं.

"काही म्हणालात का, ताई?"

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. गळ्याच्या शिरा ताणल्या.

चमचे वाजत होते.

आत्याने माझ्या ओठांवर बोटं ठेवली, लहानपणी ठेवायची तशी. मग मान हलवली.

पर्समध्ये फोन थरथरला. पान आलं होतं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

'आज भाची राहायला आली. दिवस छान गेला. दोघींचंही काही म्हणणं नाही.'

असं वाक्य मी कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

खाली दादाचं उत्तर आलेलं होतं. "वा, छान. आता जेवायला बसतो."