चार पासपोर्ट आणि एक पुस्तिका

"उद्या संध्याकाळचं विमान आहे मॅडम, आणि घरातले चारही पासपोर्ट गायब!"

संघपाल तिरपुडे खुर्चीत बसायच्या आधीच ओरडला. लकडगंजातल्या त्या ऑफिसखाली आरा मशीन चालायची, त्यामुळे प्रेमिला रंगारीकडे येणारा प्रत्येक जण जरा मोठ्यानेच बोलायचा. पण या माणसाच्या आवाजात रडू होतं.

प्रेमिला खासगी तपासाची कामं करायची. तिचा मावसभाऊ गिरिधर तिच्या हाताखाली होता. अलीकडे त्याने ज्याच्यावर संशय घ्यावा तो हमखास निर्दोष निघत होता. त्यात आज सकाळी स्कूटर पंक्चर झालेली. तो वैतागूनच बसला होता.

"पोलिसांत नाही गेले?" त्याने विचारलं.

"कसा जाऊ? घरातल्यानंच घेतले आहेत. काल दुपारी आम्ही सगळे घरीच बॅगा भरून राहिलो होतो. दाराले आतून कडी. दुपारी हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये होते, चहाच्या वेळेला नाही. घरभर शोधलं, बॅगा उलट्या केल्या."

"कुठं चालले होते?" प्रेमिलाने विचारलं.

"स्वित्झर्लंडले. बाबांसाठी." संघपालने कपाळाला हात लावला. "भूगोलाचे मास्तर होते ते. जन्मभर पोरांना आल्प्स शिकवला, पाहिला कधीच नाही. आता हे असं!"

तिरपुड्यांचा फ्लॅट धरमपेठेत होता. हॉलमध्ये चार बॅगा भरून उभ्या होत्या. प्रेमिलाने ड्रॉवर ओढला. आत स्विस फ्रँकच्या नोटांचं पाकीट जसंच्या तसं होतं.

"पासपोर्टांशिवाय आणखी काय गेलं?"

"काही नाही," संघपाल म्हणाला. मग आठवून म्हणाला, "हं, बुद्धवंदनेची छोटी पुस्तिका होती. तीही दिसत नाही. पण तिचं काय?"

"केवढी होती?"

"असेल पासपोर्टाएवढीच."

पैसे सोडून पुस्तिका नेणारा चोर! गिरिधरने मनातल्या मनात हात टेकले.

संघपालची बायको भावना स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "माझ्यावरच डाऊट आहे ना यांचा? मले उंचीची भीती वाटते, हे सगळ्यांले माहीत आहे. तरी न विचारता माझंही पॅराग्लायडिंग बुक केलं. कडाडून भांडली मी. पण जायचं नसतं तर तोंडानं सांगितलं असतं. चोरी काहून करू?"

मुलगी रोशनी त्याहून चिडलेली होती. त्याच आठवड्यात तिच्या कबड्डीच्या संघाची निवड होती.

"मले कोणी विचारलं का? बॅग भरा, बस!" ती म्हणाली. "पण मी घेतले असते तर फक्त माझा घेतला असता. मी आत्याकडे राहिली असती, हे लोक गेले असते. प्रत्येकाच्या कव्हरवर मीच तर नावाची चिठ्ठी चिकटवली आहे."

"सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच?"

"हो, पांढऱ्या."

बाहेर येताच गिरिधर कुजबुजला, "हीच आहे. उत्तर तयार ठेवलं होतं तिनं."

प्रेमिला न ऐकल्यासारखी बाल्कनीकडे वळली. त्याला आणखीच राग आला.

आजोबा देवराव बाल्कनीत बसले होते. शेजारी उन्हाळ्यापासून बंद असलेला कूलर, स्टुलावर रेडिओ आणि घडीही न मोडलेला पेपर. गिरिधरने समोर जाऊन हात जोडले. म्हाताऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी गिरिधर खाकरला.

"कोण आहे गा?" देवराव म्हणाले, पण तोंड बाल्कनीच्या कठड्याकडेच ठेवून. मास्तरकीचा रुबाब अजून गेला नाही म्हणायचा! गिरिधर धुसफुसत मागे सरला, तर अनवाणी पायाला काहीतरी टोचलं. कूलरच्या ताटीचं वाळकं गवत फरशीवर सांडलं होतं.

"जयभीम, काका," प्रेमिला म्हणाली. तिने हॉलमधून उचललेलं टूर कंपनीचं रंगीत पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. "इथंच जाणार होते ना तुम्ही?"

देवरावांनी पानावरून हात फिरवला. "हो पोरी. हे बर्फ पाह्य. ही हिमनदी हजारो वर्षं सरकून राहिली, डोंगर कोरून राहिली..." ते बोलतच सुटले.

गिरिधरने डोकावून पाहिलं. पानावर हिरवंगार तळं होतं, त्यात होड्या. म्हातारा भलतंच लांबण लावून राहिला, असं वाटून त्याने घड्याळ पाहिलं. उद्याचं विमान चुकणार, फी बुडणार, आणि ही बाई बर्फाच्या गप्पा ऐकून राहिली!

आत आल्यावर प्रेमिलाने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. देवरावांना संघपालने हात धरून आणलं.

"मॅडम, रोशनीनं..." गिरिधरने सुरुवात केली.

"नाही. रोशनीनं आपल्याला खरी वाट दाखवली," प्रेमिला म्हणाली. "ज्याले स्वतःले जायचं नाही, तो आपला एक पासपोर्ट काढील. नावं लिहिलेली आहेत, दिवसाउजेडी चोरी झाली. मग चारही काहून नेले? वर पुस्तिका काहून नेली?"

ती देवरावांच्या खुर्चीकडे वळली.

"कारण नेणाऱ्याले त्यातला आपला कोणता, ते वाचताच आलं नाही. पासपोर्टाएवढं जे जे हाताले लागलं, ते सगळं उचललं. घरात रोजचा पेपर घडी न मोडता पडून राहते. समोर हात जोडून उभा असलेला माणूस दिसत नाही. हातातल्या पानावर तळं असते, आणि बोलणं बर्फाचं होते."

संघपाल ताडकन उठला. "बाबा? अहो, त्यांच्यासाठीच तर..."

"गिरिधर, कूलरची ताटी काढ. गवत आत्ताच सांडलेलं आहे, आणि कूलर तर महिन्यांपासून बंद आहे."

ताटीमागे प्लास्टिकच्या पिशवीत चार पासपोर्ट होते. पाचवी पुस्तिका होती. गिरिधरने पिशवी टेबलावर ठेवली आणि कोणाकडे पाहावं ते त्याला कळेना.

"मले फक्त माझाच लपवायचा होता," देवराव हळूच म्हणाले. "म्हटलं, बाकीचे जातील. भिंग लावून एकटाच पाहीन, माझा ठेवून बाकीचे परत टाकीन. पण भिंगानंही अक्षर लागेना. तेवढ्यात घरात आरडाओरडा झाला. मग तोंडच उघडलं नाही."

"सांगितलं काहून नाही?" संघपाल ओरडला. "दोन वर्षं या ट्रिपच्या मागे लागलो मी! डॉक्टरकडे नेलं असतं ना! भावनाले बोललो, पोरीले बोललो, आणि तुम्ही मुकाट ऐकून राहिले?"

"तू एवढा खूश होता गा. तिथं डोंगरासमोर उभं करून तू विचारलं असतं, बाबा, कसं वाटते? मी काय सांगितलं असतं?"

भावना तोंड फिरवून डोळे पुसत होती. रोशनी खाली मान घालून बसली होती. संघपाल येरझारा घालत होता. त्याला भिंतीवर मूठ मारावीशी वाटत असणार, असं गिरिधरला वाटलं. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं. केस सुटली होती, आणि कोणाचंच काही सुटलं नव्हतं.

"उद्या सकाळी आधी डोळ्यांचा डॉक्टर," संघपाल शेवटी म्हणाला. "विमानाचं तो काय सांगते त्यावर." मग वडिलांसमोर गुडघे टेकून बसला. "मी दिसतो का आता?"

"मधोमध धूर आहे. कडेकडेचं दिसते."

संघपालने क्षणभर विचार केला. मग गुडघ्यांवरच सरकत सरकत तो खुर्चीच्या बाजूला गेला.

"थांब," देवराव म्हणाले. "आता दिसला. दाढी काहून वाढवली गा?"