नावेला लागल्या मुंग्या

"अगं अनू, बास की! किती चोळतीस? फळी झिजून भोक पडंल!" लिंगराज ओरडला.

"राळ नीट बसली नाही तर आपण बुडू," अनसूया म्हणाली आणि फटीवर पुन्हा अंगठा फिरवू लागली.

दिवाळीच्या सुट्टीचे बारा दिवस अनसूया, लिंगराज आणि हावगेप्पा या तिघांनी होडीपायी घालवले होते. निजामाच्या वेळच्या एका जुन्या उर्दू मासिकात होडीचा नकाशा होता. अनसूयाचे वडील मुकुंदराव गावच्या शाळेत मास्तर. ते उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून त्यांनी नकाशावरचा मजकूर वाचून दाखवला: लांबी दहा फूट, रुंदी अडीच फूट. कल्लप्पा सुताराने फळ्या तासून दिल्या. फटींत कापूस ठासून पोरांनी वरून तेलात वितळवलेली राळ ओतली. आज होडी पहिल्यांदा मांजरा नदीत उतरायची होती.

अनसूयाला मात्र भीती वाटत होती. गेल्या श्रावणात आई तापाने गेली, तेव्हापासून तिला सगळ्याचीच भीती वाटायची. अप्पांना शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी ती उंबऱ्यावर येऊन बसे. आणि आज अप्पा गावच्या मोठ्या नावेतून पलीकडे जाणार होते, बिदरच्या कचेरीत. त्यांना पोहता येत नव्हतं.

"ए, इकडं या!" हावगेप्पाने हाक मारली. "मोठ्या नावंला मुंग्या लागल्यात!"

"नाव काय लाडू हाय व्हय रे?" लिंगराज हसला.

पण खरंच! मोठी नाव वाळूवर कलती ठेवली होती. लाल मुंग्यांची रांग तिच्या तळापर्यंत गेली होती आणि फळ्यांच्या फटीत शिरत होती. लिंगराजने नखाने फट खरवडली. आतला पांढरट गोळा बाहेर आला. त्याने तो सरळ जिभेवर ठेवला!

"गोड हाय! गूळ हाय ह्यात! गूळ आन् चुना!"

"थुंक आधी! जीभ भाजेल!" अनसूया ओरडली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फट कशी बुजवायची हे बारा दिवसांत त्यांना चांगलंच कळलं होतं. नावेच्या फटीत गूळ?

"कोण हाय रे तिकडं? नावंला हात लावायचं काम न्हाई!"

पिराप्पा आला होता. नाव चालवायचं काम त्याच्याकडे याच वर्षी आलं होतं. त्याआधी तो गवंडी होता.

"पिराप्पाकाका, फटीत गूळ-चुना कामून भरलाय?" हावगेप्पाने विचारलं.

"कामून म्हंजे? चाळीस घरांवर माळवदं घातली म्या गूळ-चुन्यानं. एक थेंब गळत न्हाई!"

"पर काका, माळवद काय नदीत बसत न्हाई!"

"लई श्याना हायस! पळ!"

"कधी भरलात काका?" अनसूयाने हळूच विचारलं.

"काल सांजंला. मग? आज बाजार हाय. नाव बंद ठेवू व्हय?"

अनसूयाने वाकून नावेच्या फटींकडे पाहिलं. रात्रभरात चुना कसा वाळणार?

तोवर बाजाराला जाणारी माणसं जमली आणि त्यांनी नाव पाण्यात ढकलली. वच्छलाबाई नातवाला कडेवर घेऊन चढल्या. पंधरा माणसं झाली. सोळावे मुकुंदराव, छत्री घेऊन चढले.

"अप्पा, उतरा! नाव बुडेल! फटीत गूळ भरलाय!"

नावेतली माणसं हसली. मुकुंदरावांचा चेहरा पडला. "अनू, मोठ्या माणसांना असं बोलू नये. बाजूला हो बरं."

नाव निघाली.

हावगेप्पाने तो खरवडलेला गोळा पाण्याच्या तांब्यात टाकून ठेवला होता. तिघंही वाकून बघत राहिले. आधी गोळ्याच्या कडा सुटल्या. पाणी तांबूस झालं. मग गोळा हळूच फुटला आणि तळाशी नुसता गाळ उरला.

"विरघळला!" लिंगराज पुटपुटला. त्याचं हसणं कुठल्या कुठे पळालं होतं.

अनसूयाने नदीकडे पाहिलं. नाव पुष्कळ आत गेली होती. ती एका बाजूला थोडी खाली झाली आहे, की आपल्याला तसं वाटतंय? तिला रडू फुटलं. आई गेली. आता अप्पा...

"रडू नगंस," हावगेप्पा म्हणाला. "काय करायचं ते सांग."

"दोर! लांब दोर पाहिजे! आणि बैल!"

काठालगतच्या मळ्यात लिंगाप्पाची दोन मोटांची विहीर होती. मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, तिथेच होता. पण पोरांनी मागितला तर कोण देणार? हावगेप्पा पळतच ओरडला, "लिंगाप्पाकाका! पिराप्पाकाकानं दोन्ही नाडे मागितल्यात! बैलंबी! लगीच!"

"कामून रे?"

"नाव ओढायचीय!"

लिंगाप्पा काही विचारणार, तेवढ्यात नदीतून किंकाळी आली. "पाणी! पाणी शिरायलंय!"

मग लिंगाप्पाने काही विचारलं नाही. नाडे सोडले, एकमेकांना बांधले आणि बैल काठावर आणले.

होडी पाण्यात पडली. लिंगराजने वल्हं घेतलं. अनसूया नाड्याचं टोक धरून पुढे बसली. होडी डुलली आणि तिने डोळे घट्ट मिटले. लगेच उघडले. डोळे मिटून अप्पा कसे दिसणार?

"अनू, आपलीबी गळायलीय!"

पायाशी गार पाणी आलं होतं. "गळू दे! वल्हव तू!"

पिराप्पाने नाव माघारी वळवली होती, पण आता ती हलत नव्हती. पाणी नावेच्या काठाला टेकलं होतं. बायका रडत होत्या. मुकुंदराव नावेतच गुडघाभर पाण्यात उभे होते, वच्छलाबाईंचा नातू त्यांच्या खांद्यावर. त्यांनी अनसूयाला पाहिलं आणि ते ओरडले, "मागे फिर! अनू, मागे फिर!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांचं ऐकलं नाही.

"पिराप्पाकाका, धरा!" तिने टोक फेकलं. ते पाण्यात पडलं. ओढून तिने पुन्हा फेकलं. पिराप्पाने ते झेललं आणि नावेच्या कडीत अडकवलं.

"ओढा!"

काठावर हावगेप्पाने बैलांना हाकललं. "हैक्! हैक्!" नाडा ताणला. क्षणभर काहीच हललं नाही. मग ती जड, अर्धी बुडालेली नाव कण्हत कण्हत पुढे सरकली. एक हात. दोन हात. बैल रेटत राहिले आणि अखेर नावेचा तळ वाळूला खरकन लागला.

सोळाच्या सोळा माणसं काठावर आली!

पिराप्पा खाली बसला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "पोरं सांगायलती, म्या आइकलं न्हाई. फटी राळंनं भरल्याबिगर नाव पान्यात घालनार न्हाई."

"आन् पोरांनाच बोलीव भरायला!" लिंगाप्पा म्हणाला. "लबाड बोलून नाडा नेला माझा! पर अशी लबाडी शंभरदा करा रे, बाबांनो!"

वच्छलाबाईंनी तिघांची दृष्ट काढली. लिंगराज ऐटीत सांगत होता, "म्या चाखूनच वळखलं!"

 मुकुंदराव मात्र ओल्या धोतरानिशी वाळूवर बसले होते. त्यांनी अनसूयाचा हात धरून ठेवला होता. माणसं पांगू लागली, तरी सोडला नव्हता.

"अप्पा," ती म्हणाली, "हात दुखतोय."

"दुखू दे," मुकुंदराव म्हणाले.