एक मे कुणाचा?

“हातात घेऊन पाहिल्याशिवाय ‘पास’ म्हणायचं नाही, चारू. समोर कुणीही असो.”

देहूरोडच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या आबाजींचा हा आवाज. वडील जाऊन दोन वर्षं झाली, पण चारुलता कामाला बसली की तो अजूनही कानाशी यायचा. तिचं काम हिंजवडीतल्या ऑफिसात. युरोपातल्या एका लहानशा देशातल्या बँकांचे सगळे व्यवहार युरोपच्या सामाईक व्यवस्थेवर न्यायचे, ही जबाबदारी तिच्या टीमकडे आली होती. बाकीच्यांनी प्रोग्राम लिहायचे, चारुलताने ते तपासायचे. तिने हो म्हटल्याशिवाय पुढे काही सरकत नसे.

समाधान तिला पहिल्यांदा भेटला तो मात्र पॅन्ट्रीत. त्या दिवशी चतुर्थी होती. मायक्रोवेव्हजवळचा डबा तिने आपला समजून उघडला, तर आत ज्वारीची भाकरी नि हिरवागार ठेचा!

“थांबा, थांबा... उपास मोडायला माझीच भाकरी सापडली होय?”

ती दचकून वळली. “उपास आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“तुमची खिचडी माझ्या हातात हाय की! दोन घास गेले बघा पोटात. पाप लागतं का हो?”

“न विचारता खाल्लं तर लागतं,” ती हळूच म्हणाली. पण ओठांच्या कडेला आलेलं हसू काही लपलं नाही.

समाधान मूळचा लातूरकडचा. मारुंजीत खोली घेऊन राहायचा. आई, सावित्रीबाई, पिंपरीत मामाकडे. टीममध्ये तो नवा होता, आणि नवी व्यवस्था सुरू झाली की त्या देशात जाणाऱ्यांत त्याचं नाव होतं.

थोड्याच दिवसांत त्याचं काम तपासायला चारुलताकडे आलं. बँका कधी बंद असतात, त्याचं कॅलेंडर. तिने ते उघडलं आणि तिला हसू आवरेना.

“समाधान, त्या देशात गणपती बसतात का रे?”

“का गं?”

“भाद्रपदात तुझ्या सगळ्या बँका बंद. दसऱ्याला बंद. पाडव्यालासुद्धा!”

त्याचे कान लाल झाले. घाईघाईत त्याने कंपनीच्या सुट्ट्या तशाच उचलल्या होत्या आणि त्यांच्या खाली युरोपच्या जोडल्या होत्या. “आपल्या सगळ्या काढून टाकतो. कुणाला सांगू नको बाई!”

“नाही सांगत. पण तिकडे गेलास की एकवीस मोदक करून पाठव.”

“मोदक तू कर... मी खाईन.” तो हे म्हणाला आणि दोघंही उगाच दुसरीकडे बघू लागले.

मग चैत्र आला. संध्याकाळी बसथांब्यावर तो मोगऱ्याचा गजरा घ्यायचा आणि “आईसाठी घेतला होता, तिला फुलं चालत नाहीत,” असं म्हणून तिच्या हातात द्यायचा. आठवड्यातून तीनदा! चारुलता तो ओंजळीत घ्यायची. सकाळी पूजेला बसली की देवाआधी भलताच चेहरा डोळ्यांपुढे यायचा... आणि ती देवाची क्षमा मागून पुन्हा वात लावायची.

शुक्रवारी नवी व्यवस्था सुरू होणार होती. गुरुवारी दुपारी चारुलता शेवटची एकदा सगळं कॅलेंडर चालवून पाहत होती. मेच्या पहिल्या तारखेवर तिचा हात थांबला. बँका चालू?

एक मे आपल्या आणि युरोपच्या, दोन्ही याद्यांत यायला हवा होता. वर आपल्या यादीत महाराष्ट्र दिन म्हणून तो आधीच असल्याने समाधानने खाली कामगार दिन म्हणून पुन्हा घातला नव्हता. आपल्या सुट्ट्या पुसताना तोही पुसला गेला. त्या दिवशी युरोपची व्यवस्था बंद असते, आणि नेमकी एक तारखेलाच त्या देशातल्या म्हाताऱ्यांची पेन्शन निघते. ती बंद दाराशी अडकून पडली असती.

तिने समाधानला बोलावलं. स्क्रीन बघून तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

“चारू... मे महिन्याला वेळ आहे अजून. उद्या सुरू होऊ दे. मी मागनं गुपचूप दुरुस्त करतो. आत्ता हे उघडं झालं तर माझं जाणं गेलं बघ.”

“मी पास म्हणणार नाही.”

“माझ्यासाठी पण नाही?”

“तुझ्यासाठी तर नाहीच.” तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण हलला नाही. “उद्या तुझ्याकडे बघताना मला ती म्हातारी माणसं दिसायला नकोत, समाधान.”

तो उठून गेला. संध्याकाळी बसथांब्यावर गजरा नव्हता, तोही नव्हता.

सकाळी ती टीमचे प्रमुख श्याम सर यांच्या केबिनशी पोचली, तर समाधान आत उभा. तो स्वतःच सांगत होता. “चूक माझी आहे, सर. चारुलताने पकडली.”

“भावा, हे आज सांगतोस?” सरांनी कपाळाला हात लावला.

सुरुवात आठवडाभर पुढे गेली. मग सगळं सुरळीत पार पडलं. पण विमानात समाधानऐवजी टीममधला अर्णव बसला.

त्या संध्याकाळी समाधान बसथांब्यावर आला. हात रिकामे.

“रागावलायस?”

“दोन दिवस होतो. मग वाटलं... एवढी खमकी बाई पुन्हा भेटायची नाही.” तो हसला, आणि लगेच मान खाली घातली. “आईचं काय करू? पोरगा परदेशी चाललाय म्हणून तिने गल्लीभर पेढे वाटलेत. तिला सांगायला तोंडच उघडत नाही माझं.”

“मी सांगते. माझ्यामुळे राहिलं, तर मीच सांगायला हवं. रविवारी जाते.”

“आणि ती विचारेल, तू कोण गं... मग?”

बस आली होती. पायरीवर पाय ठेवून चारुलता वळली. गाल तापले होते, पण नजर खाली गेली नाही.

“तेही मीच सांगेन.”

रविवारी पूजा आटोपून तिने निळी साडी नेसली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “उन्हाचं कुठं निघालीस?”

“पिंपरीला. शब्द दिलाय एकाला.”

दार हलकेच ओढून घेऊन ती निघाली. बसमध्ये खिडकीशी बसली, पदर सावरला आणि कंडक्टरला म्हणाली, “एक पिंपरी द्या.”